हे खरं नाही, हे तुम्हाला कधी कळलं?

बोरकूट

स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शिकवतो. नवी तुकडी आली की पहिल्या दिवशी दोन प्रश्न ठरलेले: भारताची राष्ट्रभाषा कोणती आणि राष्ट्रीय खेळ कोणता? हिंदी, हॉकी. अख्खा वर्ग एका सुरात.

दोन्ही चूक. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४३ नुसार हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे. राष्ट्रभाषा असा दर्जा घटनेने कोणत्याच भाषेला दिलेला नाही. आणि राष्ट्रीय खेळ म्हणून कोणताच खेळ जाहीर केलेला नाही, हे क्रीडा मंत्रालयानेच २०१२ साली माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर देताना कळवलं होतं. मुलं माझ्यावरच चिडतात, कारण त्यांच्या पुस्तकात तसं छापलेलं असतं.

माझं मत असं, की भुताखेतांपेक्षा हा प्रकार जास्त चिवट. भूत मानणाऱ्याच्या मनात निदान कुठेतरी शंका असते. 'सामान्यज्ञान' वाचलेल्याला तीही नसते.

तर असे आपल्याकडचे गैरसमज लिहा. नुसती यादी नको. खरं काय आणि तुम्हाला ते कसं कळलं, तेही येऊ द्या. चीनची भिंत, मेंदूचा दहा टक्के वापर वगैरे जागतिक माल नको, तो सगळ्यांचा वाचून झालाय.

चहाबाज

चीनची भिंत चंद्रावरून दिसते. पहिला नंबर माझा!

पेठेतला

@चहाबाज, प्रतिसाद देण्याआधी लोक धागा वाचतात, हा माझा आजवरचा गैरसमज. आज दूर झाला.

मृण्मयी_नाशिक

अगदी योग्य वेळी धागा आलाय. घरी सध्या माझ्या लग्नाचं बघणं चालू आहे. एक स्थळ सगळ्यांना पसंत, पत्रिका जुळली, मुलगाही बरा वाटला (म्हणजे बोलता येतो त्याच्याशी). आणि गाडी अडली कुठे? दोघांचाही रक्तगट बी पॉझिटिव्ह. "नवराबायकोचा रक्तगट एकच असेल तर मुलं अपंग होतात," इति मोठी मावशी. मावशी बी.एस्सी. आहे. आई आता द्विधा. गूगल केलं तर अर्धे लोक हो म्हणतात, अर्धे नाही. इथे कोणी डॉक्टर आहे का?

सांजवात

आमच्याकडेही हेच! माझ्या चुलत नणंदेचं ठरलेलं मोडलं होतं यावरून. वाचतेय.

गोळी_दोन_वेळा

@मृण्मयी, मी डॉक्टर आहे आणि हा प्रश्न मला पोटदुखीच्या खालोखाल विचारला जातो.

दोघांचा रक्तगट सारखा असल्याने मुलांना काहीही होत नाही. ओ आणि बी हे दोनच गट आपल्याकडे निम्म्याहून जास्त लोकांचे आहेत. सारखा गट वाईट असता तर कितीतरी घरांत पाळणाच हलला नसता.

काळजी घ्यावी लागते ती वेगळ्या गोष्टीची, आणि तीही गट *वेगळा* असताना. आई आरएच निगेटिव्ह, वडील पॉझिटिव्ह आणि बाळही पॉझिटिव्ह असेल, तर आईच्या शरीरात बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. पहिलं बाळ बहुधा सुखरूप असतं, त्रास पुढच्याला होतो. त्यावर अँटी-डी नावाचं इंजेक्शन आहे. साधारण २८ व्या आठवड्यात एक आणि बाळंतपणानंतर बाळ पॉझिटिव्ह निघालं तर ७२ तासांच्या आत एक. म्हणजे याही कारणासाठी लग्न मोडायची गरज नाही, डॉक्टरांना आधी सांगितलं की झालं.

माझा अंदाज असा, की रक्ताच्या नात्यात लग्न करू नये हा सल्ला ऐकणाऱ्यांनी तो रक्तगटाला चिकटवला. गंमत म्हणजे मामाची मुलगी करताना कोणाला काही वाटत नाही, आणि तिथे आनुवंशिक आजारांचा धोका खरोखर वाढतो.

पेठेतला

डॉक्टर, माझ्या मते हे मूळ पत्रिकेतलंच आहे. वधूवरांची नाडी एक असेल तर लग्न करू नये, संततीला त्रास, असं सांगतात ना? तीच एकनाड आता पांढरा कोट घालून आली आहे. मावशी बी.एस्सी. आहेत म्हणून नाडीऐवजी रक्तगट.

मृण्मयी_नाशिक

@पेठेतला, हहपुवा (हसून हसून पुरेवाट). हे मावशीला सांगायची हिंमत नाही. डॉक्टर, खूप आभार. मग लग्नाआधी रक्ताची तपासणी करूच नये का?

गोळी_दोन_वेळा

करावी ना! पण जी विचारायची ती कोणीच विचारत नाही. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा मायनर प्रकार आहे का ते बघा. मायनर असलेल्या माणसाला स्वतःला काही जाणवत नाही, फार तर हिमोग्लोबिन थोडं कमी. पण नवराबायको दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर असण्याची शक्यता २५ टक्के. मेजर म्हणजे आयुष्यभर दर काही आठवड्यांनी रक्त चढवणं. सिंधी, लोहाणा, भानुशाली समाजांत प्रमाण जास्त आहे, पण बाकीचे सुटले असं नाही. विदर्भात आणि नंदुरबार, गडचिरोली भागांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचीही तपासणी करावी.

रक्तगट विचारणारी शंभर घरं भेटली, हे विचारणारं एखादंच.

रत्नांग्री

माझा विषय वेगळा. संक्रांत.

आम्ही रत्नागिरीकडचे, घरी टिळक पंचांग. आमची संक्रांत १० जानेवारीला. शाळेत असताना मी चार दिवस आधी तिळगूळ वाटायचो आणि बाई म्हणायच्या, अरे अजून वेळ आहे. मला वाटायचं आमच्या घरचेच येडे. मोठेपणी कळलं की राशिचक्र कुठून मोजायला सुरुवात करायची यावरच एकमत नाही. दाते वगैरे प्रचलित पंचांगं चित्रा तारा धरून चालतात, टिळक पंचांग रेवती नक्षत्रातला तारा धरतं. दोन्हींत सुमारे चार अंशांचा फरक, म्हणून चार दिवस. काही वर्षी अधिक महिनाही वेगळा येतो आणि आमचे गणपती चक्क महिनाभर आधी येऊन जातात. मुंबईचे नातेवाईक तेव्हा रजेसाठी साहेबाला काय सांगत असतील देव जाणे.

आजोळ

पण उत्तरायण तर १४ जानेवारीलाच सुरू होतं ना? पाठ्यपुस्तकात होतं.

पंचांगवाला

@आजोळ, हाच तो गैरसमज, आणि बोरकूट म्हणतात त्याच जातीचा.

सूर्य उत्तरेकडे सरकायला लागतो २१-२२ डिसेंबरला. गच्चीवर काठी उभी करून रोज दुपारी सावली मोजा, डिसेंबरअखेरीलाच ती आखूड व्हायला लागलेली दिसेल. मकर संक्रांत म्हणजे सूर्य मकर राशीत जाणं, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भातली जागा. एके काळी, इ.स. २८५ च्या सुमारास, या दोन गोष्टी एकाच वेळी होत असत. पण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, एका फेरीला जवळपास २६ हजार वर्षं लागतात, आणि ताऱ्यांवर मोजलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठं पडतं. ती वीस वीस मिनिटं साचून साधारण ७२ वर्षांत एक दिवस होतो. म्हणून संक्रांत पुढे पुढे जाते आणि उत्तरायण जागेवरच राहतं.

आता ती कधी १४ ला येते, कधी १५ ला. तरी "संक्रांत हा एकच सण इंग्रजी तारखेला येतो, तो कधी बदलत नाही" हे दरवर्षी कोणीतरी पाठवतंच. विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, ही माहिती सगळ्यांना असते. त्यांची जन्मतारीख काय? १२ जानेवारी १८६३.

आजोळ

बाप रे, हे कधी लक्षातच आलं नव्हतं. मग भीष्म पितामह चुकीच्या दिवशी गेले का?

पंचांगवाला

भीष्मांनी उत्तरायणाची वाट पाहिली होती. १४ जानेवारीची नव्हे.

मीनल_जर्सी

आमच्याकडे न्यू जर्सीत संक्रांत येत्या शनिवारी असते. मंडळाला हॉल मिळेल त्याप्रमाणे. चित्रा-रेवती वगैरे भानगड नाही, फक्त पार्किंग.

सांजवात

आणि ते "यंदा संक्रांत पिवळ्यावर आली आहे, पिवळं नेसू नका"? आमच्या सोसायटीत एका वर्षी अफवा उठली की ज्यांना एकच मुलगा आहे त्यांनी इतक्या इतक्या सवाष्णींना बांगड्या भरायच्या. कासारणीचा धंदा त्या आठवड्यात जोरात.

चहाबाज

थांबा. १८६३ ला १२ तारीख, तर आणखी शंभर वर्षं मागे गेलं की? पानिपत तर संक्रांतीच्या दिवशी झालं होतं, १४ जानेवारी १७६१!

पंचांगवाला

@चहाबाज, भिंतीवरून उतरलात ते बरं झालं, प्रश्न झकास आहे. हिशेब केला तर १७६१ साली संक्रांत १० जानेवारीच्या आसपास पडते. लढाईची तारीख १४ पक्की, पण ती संक्रांत आपण आजच्या कॅलेंडरवरून मागे नेऊन चिकटवली. संक्रांत आणि पानिपत हे समीकरण शाळेच्या भाषणांतून इतकं मुरलंय, की मी हे सांगितल्यावर एका व्याख्यात्याने माझ्याशी बोलणं सोडलं.

रत्नांग्री

म्हणजे आमचं टिळक पंचांग धरलं तर १७६१ ला जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात? आमची तर अजूनच लवकर झाली असती!

घाटावरचा

पानिपत निघालंच आहे तर माझी भर. "पानिपतावर मराठेशाही संपली." अहो कुठे संपली? दहा वर्षांत, १७७१ ला, महादजी शिंद्यांनी दिल्ली घेतली आणि इंग्रजांच्या आश्रयाला अलाहाबादला बसलेला बादशहा शाहआलम १७७२ च्या जानेवारीत मराठ्यांच्या जोरावर दिल्लीच्या तख्तावर परत आला. दिल्ली आपल्याकडून खरी गेली १८०३ ला, आणि ती इंग्रजांनी शिंद्यांच्या फौजेकडून घेतली, मोगलांकडून नव्हे. ज्यांना वाटतं इंग्रजांनी भारत मोगलांकडून जिंकला, त्यांना हे रोज रात्री झोपताना एकदा सांगावं.

वाड्यावरची_मांजर

+१०००

पेठेतला

-१. घाटावरचा, तुम्ही एक गैरसमज काढून दुसरा बसवताय. "पानिपताने काही बिघडलं नाही" ही हल्लीची नवी टूम आहे. १७५८ ला मराठे अटकेपर्यंत गेले होते, ते पुन्हा कधी गेले नाहीत. पंजाब हातचा गेला तो गेलाच, तिथे पुढे शीख उभे राहिले. नानासाहेब पेशवे जून १७६१ मध्ये पर्वतीवर वारले. थोरल्या माधवरावांनी सावरलं हे मान्य, पण त्यांची सुरुवातीची वर्षं निजाम, हैदर आणि सख्खा काका यांच्याशी झगडण्यात गेली. मेलेली माणसं परत येत नाहीत. एक पिढी कापली गेली, तीही कर्ती.

घाटावरचा

@पेठेतला, मी "संपली नाही" म्हटलं, "बिघडलं नाही" असं म्हटलेलं नाही. पण पुणेकरांशी वाद घालायचा म्हणजे सकाळी १० ते १ याच वेळेत, म्हणून थांबतो. (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

पेठेतला

घेतला. १ ते ४ मध्ये परत करीन.

अक्षता_ताई

सिंहगडाचंही घ्या की. तानाजी मालुसरे पडले आणि महाराज म्हणाले, "गड आला पण सिंह गेला", म्हणून कोंढाण्याचं नाव सिंहगड, असं आपण पोरांना सांगतो. लढाई फेब्रुवारी १६७० ची. पण महाराजांच्या १६६३ च्या एका पत्रातच गडाचा उल्लेख 'सिंहगड' असा आहे. इतिहास संशोधकांनी हे कधीच दाखवून दिलंय. गडावर दोनदा हे बोलले, दोन्ही वेळा गटातल्या कोणीतरी विचारलं, "मग तानाजींचं शौर्य खोटं का?" अरे, शौर्याला नावाचा टेकू कशाला लागतो? माणूस रात्री कडा चढून गेला आणि लढताना पडला, ते खरंच आहे.

चहाबाज

आणि घोरपड?

अक्षता_ताई

घोरपडीला आज सुट्टी द्या.

पेठेतला

आता कोणीतरी पहिला सार्वजनिक गणपती १८९२ चा की १८९३ चा ते काढा. म्हणजे मला जेवण इथेच मागवता येईल.

संपादक मंडळ

पहिला गणपती, गुरू-शिष्य वाद आणि तत्सम विषयांवर स्वतंत्र धागे आहेत, त्यांतले बरेच कुलूपबंद आहेत. इथे काड्या टाकू नयेत. तीन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

वारणाकाठ

इतिहास बाजूला ठेवून जरा जिवावरचं बोलतो. मी शिराळ्याजवळचा. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी अख्ख्या महाराष्ट्राला माहीत. जिवंत नागांची ती जुनी मिरवणूक वन्यजीव संरक्षण कायदा आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बंद झाली, त्यावर गावात दोन मतं आहेत आणि त्यात मी पडणार नाही. पण नाग दूध पितो यावर मात्र दोन मतं नाहीत, पीत नाही. गारुडी त्याला आधी कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवतो, मग तो जे समोर येईल त्यात तोंड घालतो. दूध त्याला पचत नाही, बरेचदा मरतो.

धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते, हे माझ्या सख्ख्या चुलत्याने "डोळ्यांनी पाहिलंय". सापाच्या तोंडात आत वळलेले अणकुचीदार दात असतात. गाय उभी राहील का हो? ती लाथ घालून धामणीला पुढच्या शिवारात पाठवील. धामण उंदीर खाते, म्हणून गोठ्यात येते, बस.

मांडुळाची तर वाट लावली या गैरसमजांनी. दोन तोंडं नसतात, शेपूट बोथट असते एवढंच. गुप्तधन शोधायला म्हणून चोरून लाखोंत विकतात, आणि तो बिचारा मातीत गपगुमान उंदीर खाऊन जगणारा बिनविषारी प्राणी.

पण खरी माणसं मरतात ती यामुळे: साप चावला की आधी मंदिर, मग मांत्रिक, मग ब्लेडने चीर आणि तोंडाने विष ओढणं, आणि शेवटी दवाखाना. २००० ते २०१९ या काळात भारतात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशाने गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मांत्रिकाला यश का येतं माहितीये? बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. तो माणूस तसाही वाचणारच होता. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं आणि ते सरकारी दवाखान्यात मिळतं. चावलेला हात-पाय हलवू नका, करकचून बांधू नका, कापू नका, साप मारायला मागे धावू नका. गाडी काढा.

मण्यारीबद्दल खास: रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, खूण दिसत नाही. सकाळी पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात असं कोणी म्हणालं तर ॲसिडिटी समजू नका.

गोळी_दोन_वेळा

@वारणाकाठ, तुमचा शेवटचा परिच्छेद छापून प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावा असा आहे. मण्यारीचे असे दोन रुग्ण मी पाहिलेत, दोघांनाही घरच्यांनी आधी ओवा दिला होता.

खडूस_काका

सगळं वाचलं. तुम्ही सगळे हुशार. आता मला सांगा, आर्यभटाने शून्याचा शोध लावला तर रावणाची दहा डोकी आधी मोजली कोणी?

पंचांगवाला

काका, हा विनोद आमच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा येतो. दहा मोजायला शून्याचं चिन्ह लागत नाही, बोटं पुरतात. आणि आर्यभटाचं मोठं काम वेगळंच आहे, तो तर संख्या अक्षरांत लिहायचा. शून्य घेऊन बेरीज-वजाबाकी-गुणाकार कसे करायचे याचे नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये दिले. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६ च्या शिलालेखात '२७०' कोरलेले आहेत, त्यातलं शून्य आजच्यासारखं गोल. पण "शोध कोणी लावला" याला एक नाव हवं असतं आपल्याला, म्हणून आर्यभट.

खडूस_काका

विनोद समजावून सांगितल्याबद्दल आभार.

मेहकरी

लोणारबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून बुलडाण्याकडून हजेरी. अजूनही पर्यटक येतात आणि मुलांना सांगतात, "हा ज्वालामुखी होता." फार पूर्वी शास्त्रज्ञांनाही तसंच वाटायचं. नंतर तिथे प्रचंड आघातानेच तयार होणारी काच सापडली आणि हे उल्कापाताने झालेलं विवर आहे हे पक्कं झालं. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, तेही बेसाल्टमध्ये. पुस्तकांत आजही वय पन्नास-बावन्न हजार वर्षं छापतात. नंतरच्या मोजणीत ते पाच लाख सत्तर हजार वर्षांच्या आसपास आलंय. दहापटींहून जास्त फरक, पण पुस्तकं काही हलली नाहीत.

२०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा गावात काय काय चाललं होतं! कोणी म्हणे लवणासुराचं रक्त, कोणी म्हणे कोरोनाचा कोप. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तर खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव निघाले. पाणी आटून खारटपणा वाढला की ते फोफावतात. पावसाळ्यात रंग गेला, अफवा मात्र राहिल्या.

बोरकूट

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. @मेहकरी, बावन्न हजार माझ्याही नोट्समध्ये आहे, उद्याच बदलतो, पण मुलांना सांगावं लागेल की परीक्षेत जुनंच उत्तर आलं तर काय लिहायचं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. उत्तरतालिका ज्याची, सत्य त्याचं.

मूळ मुद्द्याकडे येतो. मी म्हटलं होतं की छापील गैरसमज सगळ्यांत चिवट. वारणाकाठ आणि मृण्मयी यांचे अनुभव वाचून वाटतं, चिवटपणापेक्षा नुकसान बघायला हवं. हॉकी राष्ट्रीय खेळ मानल्याने कोणाचं काय जातं? एक गुण. सापाच्या बाबतीत जीव जातो.

पेठेतला

हॉकीचं सोडा, पण राष्ट्रभाषेचं तसं नाही बरं का. बँकेच्या काउंटरवर "राष्ट्रभाषेत बोला" हे ऐकून घेतलेला प्रत्येक मराठी माणूस तुमच्या त्या एका गुणाला हरकत घेईल.

अक्षता_ताई

+१. आणि ऐकवणारा मराठीच असतो, हे राहिलं.

मृण्मयी_नाशिक

अपडेट: डॉक्टरांचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. आई पटली. मावशी म्हणाली, "इंटरनेटवरचे डॉक्टर!" मग मी थॅलेसेमियाचं काढलं, तर मावशीच म्हणाली की ते मात्र करून घ्या, तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीच्या मुलाला मेजर होता. मुलाला फोन केला, तो हसला आणि तयार झाला. डॉक्टर, लॅबमध्ये नेमकं काय मागायचं?

गोळी_दोन_वेळा

दोघांचं सीबीसी आणि हिमोग्लोबिन एचपीएलसी. उपाशीपोटी जायची गरज नाही. आधी एकाची केली आणि मायनर नाही आलं तर दुसऱ्याची नाही केली तरी चालतं, कारण धोका दोघंही मायनर असतील तेव्हाच. तुम्ही लोहाच्या गोळ्या घेत असाल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर लॅबला सांगा. रिपोर्ट आला की मला व्यक्तिगत निरोप करा, इथे टाकू नका. नाहीतर पेठेतला त्यावरही -१ देतील.